तीन हिसके

लुदीचं मन सकाळपासून थाऱ्यावर नव्हतं. खड्ड्याच्या काठावर ती दोरी धरून बसली होती. दोरीचं दुसरं टोक तिच्या नवऱ्याच्या, मेल्चोरच्या कमरेला होतं आणि मेल्चोर चाळीस फूट खाली, गढूळ पाण्यात सोन्याचा दगड फोडत होता. तोंडात हवेची नळी, ती कालच चिरलेली. नवी आण म्हटलं, तर पठ्ठ्याने चिरेवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आणि बायकोचं तोंड बंद केलं.

मागे समुद्र होता. ज्यांना अक्कल होती ते मासे धरायला गेले, असं लुदीचं स्पष्ट मत.

"अगं, बुडबुडे येतायत ना? मग कशाला जीव टांगणीला लावतेस?" हवेच्या यंत्रापाशी बसलेले मानोय पास्तोर म्हणाले. उभ्या पाराकाले गावाचे ते थोरले दादा, म्हणून सगळ्यांचे मानोय.

बुडबुडे येत होते, पण मघापेक्षा कमी वाटले. लुदीला राहवेना. तिने दोरीला तीन हिसके दिले.

एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे गोणी ओढा, तीन म्हणजे असशील तसा वर ये किंवा मला वर घ्या. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

मेल्चोर धापा टाकत वर आला. "काय झालं? यंत्र बंद पडलं?"

"काही नाही. मला भीती वाटली."

"भीती वाटली? भरलेली गोणी टाकून आलो मी! मानोय, हिला घरी पाठवा हो. भात तरी धड शिजवेल."

मानोय हसले नाहीत. "लुदी, दोरीवर खोटं बोलू नये. तीन हिसक्यांचा भरवसा गेला, की ही दोरी फक्त कपडे वाळत घालायची."

लुदीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेल्चोरने नळी दातांत धरली आणि तिच्याकडे न बघता बुडी मारली.

आता तर तिला एका जागी बसवेना. उठली, बसली, परत उठली. पाण्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं आणि बघत राहिली.

दोरी हलली. एक. दोन. तीन.

"उट्टं काढतोय गं तुझं," मानोय म्हणाले. "थांब जरा. राहू दे त्याला खाली."

"हसतोय तर हसू दे मेल्याला!" लुदीने टाचा चिखलात रोवल्या आणि ओढत सुटली. तळहात सोलले. तिचा चेहरा बघून मानोयही धावले.

मेल्चोर वर आला तेव्हा तोंडात नळी नव्हती. नाकातोंडात चिखल होता. तो ओकला, खोकला, काठावर पालथा पडून राहिला. त्याच्या मुठीत ट्यूबचा फाटका तुकडा होता.

मग त्याने मान वर केली. "लगेच ओढलंस?"

"तीन होते ना."

तो तिच्या सोललेल्या हातांकडे बघत राहिला.

"तुझ्या जागी मी असतो ना, लुदी," तो म्हणाला, "तर हसत बसलो असतो."