डाव्या चाकाचा नट

जीप अंगणात शिरली तेव्हाच रुखमाला मागच्या डाव्या चाकावरचा ओला काळा डाग दिसला. आतलं तेल गळत होतं. तेल गळतं म्हणजे ते ब्रेकवर उतरतं. ते थांबवायचं तर आतलं सील बदलायचं, सील बदलायचं तर अ‍ॅक्सल बाहेर काढायचा, आणि अ‍ॅक्सल काढायचा तर आधी त्याच्या टोकावर घट्ट बसलेला हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो तुंबा, निघायला हवा. हबचं नाव तिने गेल्या वर्षभरात तोंडातून काढलं नव्हतं.

जीपचे मालक बापूजी उतरले. जीप लष्कराच्या लिलावातली, बापूजींइतकीच म्हातारी. दर महाशिवरात्रीला ते तीत माणसं कोंबून गडचिरोलीहून मार्कंड्याच्या यात्रेला नेत.

"मुखरू, ब्रेक लागून नाई राह्यला," ते म्हणाले. "काल बैल आडवा आला. बैलच शहाणा होता म्हणून वाचला."

"दोन्ही बाजू खोलाव्या लागतीन," रुखमाचा नवरा मुखरू म्हणाला.

"खोल ना मंग. परवा यात्रा आहे."

मुखरूने रुखमाकडे पाहिलं नाही. त्यावरूनच तिला कळलं की तोही तेच आठवतो आहे.

वर्षापूर्वीपर्यंत तो चंद्रपूरला एका मोठ्या गॅरेजात होता. अशा जीपच्या अ‍ॅक्सलचं टोक मुळ्यासारखं निमुळतं असतं, हब त्याच्यावर पाचरीसारखा चढतो आणि वर नट आवळलेला असतो. वर्षानुवर्षांच्या गंजाने दोन्ही लोखंडं एकजीव होतात. मग हबला ओढून काढणारा पुलर त्यावर बसवायचा आणि त्याचा मधला स्क्रू अ‍ॅक्सलच्या टोकावर आवळत जायचा. लोखंड बराच वेळ काही बोलत नाही. सुटतं तेव्हा बंदुकीसारखं सुटतं. म्हणून नट ढिला करायचा, पण चार आटे राहू द्यायचे. हब उडाला तरी नटाला येऊन अडतो. त्या दिवशी चंद्रपूरला कुणीतरी घाईत नट पूर्ण काढला होता. समोर मुखरूचा जोडीदार बसला होता. त्याचा डावा डोळा गेला. मुखरूने तिथलं काम सोडलं आणि चामोर्शी रोडला बेहड्याच्या झाडाखाली स्वतःचं दुकान टाकलं. सायलेन्सर, क्लच, पंक्चर, सगळं तो करायचा. हबचं काम आलं की काहीतरी सांगून परत पाठवायचा.

बापूजींना परत पाठवता येत नव्हतं. ब्रेक नसलेली जीप माणसांनी भरून नदीच्या उतारावर जाणार होती, आणि ते थांबणाऱ्यांतले नव्हते.

उजवी बाजू सहज निघाली. हब पुलरच्या पहिल्याच ताणाला कुरकुरत सरकला. रुखमा रॉकेलचं घमेलं पुढ्यात घेऊन बसली होती. नवऱ्याने काढलेले भाग धुऊन पोत्यावर मांडायचे, हे तिचं काम. मुखरू भाग काढायचा आणि मागे न बघता खांद्यावरून टाकायचा. तो नेमका घमेल्यात पडायचा. 'डुब्' असा आवाज झाला की त्याचा हात पुढच्या पान्याकडे जायचा. बघणाऱ्यांना याची मोठी गंमत वाटे. उजव्या बाजूचा नट तिने धुतला, कोरडा केला आणि पोत्याच्या कोपऱ्यावर ठेवला.

डावी बाजू हलेना.

मुखरू चाकासमोर न बसता तिरका, एका अंगाला बसला. पाना फिरवताना त्याचा हात मधेच थांबायचा.

"बायको पाह्याले आल्यावानी दुरून काय पाहून राह्यला?" बापूजी म्हणाले. "जवळ जा ना!"

"तुमी दूर राहा, बापूजी. एवढंच करा."

पुलरचा स्क्रू घसरला आणि अ‍ॅक्सलच्या टोकावर ओरखडा उमटला. मुखरूने पुलर उतरवला, नट फिरवून काढला आणि आटे कानशीने साफ केले. तेवढ्यात बापूजींनी चहाची आठवण काढली. रुखमा चूल पेटवायला उठली. चहा झाला, बापूजींचं जावयाचं रडगाणं झालं, आणि त्यांनी स्वतःच पुलर उचलून मुखरूच्या हातात दिला.

"बस झालं. मी दांडा धरतो, तू आवळ."

हब फिरू नये म्हणून चाकाच्या बोल्टांमध्ये लोखंडी दांडा अडकवून कुणीतरी धरावा लागतो. बापूजी पालथा डबा ओढून थेट समोर बसले. मुखरूने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पाना उचलला. पुलर आवळत गेला, पाना जड होत गेला.

रुखमा पुन्हा घमेल्याशी बसली. काळ्या रॉकेलात हात घालून तिने तळ चाचपला. एक वायसर. एक स्प्रिंग. मग हाताला काहीतरी जड लागलं, सहा कोनांचं, वर खाचा असलेलं.

तिने ते बाहेर काढलं आणि पोत्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. उजव्या चाकाचा नट तिथेच होता.

मग हा कुठला, हे विचारायची गरज नव्हती. डाव्या हबला अडवायला काहीच उरलं नव्हतं.

ओरडावं असं तिला वाटलं, पण ती ओरडली नाही. मुखरू दचकला असता, पाना घसरला असता. असा ताणलेला हब हातही न लावता सुटतो, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. ती उठली. जीप आणि घमेलं यांच्यात चार पावलं होती. जीपच्या मागून वळून ती त्याच्या अंगाला गेली आणि ओला नट त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

पाना थांबला. मुखरूने नटाकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला, तरी त्याने पुसला नाही.

"बापूजी," तो हळू म्हणाला, "दांडा हिच्याजवळ द्या आन् झाडामागे जा."

"काऊन? मी काय गळून गेलो?"

"जा म्हणतो ना."

"आता बाईमानूस जोर लावते आन् मी झाडामागे? गावात सांगू नोको बाप्पा!"

"बापूजी, जाजा," रुखमा म्हणाली. बापूजी उठले. कुरकुरत, धोतर झटकत, मधेच वाकून चहाचा कप उचलत. ते झाडामागे पोचेपर्यंत तिने श्वास घेतला नाही.

ती बाजूला उभी राहिली आणि दांडा पायाखाली दाबला. मुखरूने पाना उलटा लावला. आता सोडतानाही तेवढीच भीती होती. स्क्रूने एक कर्र असा आवाज केला. दोघांचेही खांदे वर आले. हब जागेवरच होता. आणखी अर्धा फेरा. आणखी एक. मग पाना एकदम हलका झाला.

पुलर उतरवून मुखरूने नट हाताने चढवला. दोनदा तो आट्यांवर वाकडा बसला. तिसऱ्यांदा बसला. मग पुन्हा पुलर, पुन्हा ताण, आणि बाजूला सरकून त्याने स्क्रूच्या डोक्यावर घण घातला.

पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला असा आवाज झाला की रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्यानेही पाय टेकून पाहिलं. पुलरसकट हब पुढे झेपावला आणि नटावर आपटून तिथेच लटकला.

बापूजी झाडामागून आले. हबकडे आणि मग आपल्या रिकाम्या डब्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे माझ्या तोंडावर आलं असतं का बे?"

"नट होता ना, बापूजी," मुखरू म्हणाला.

रुखमा घमेल्याशी जाऊन बसली. हात रॉकेलात न घालता तिने ते पदरात गुंडाळून घेतले.

बापूजी सायकलवाल्याला हकीकत सांगायला रस्त्यावर गेले. मुखरूने नट पूर्ण काढला. त्याचा हात सवयीने खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. तो उठला, वळला आणि नट तिच्यासमोर धरला.

"यापुढे फेकून राह्यलो तं बोल मले."

"बोलली असती तं आयकलं असतं काय?"

त्याने जरा विचार केला. "नाई."

तिने पदरातून एक हात बाहेर काढला आणि नट घेतला. त्याच्या मुठीत राहून तो अजून गरम होता.