मागे पडलेल्या गोळ्या

घड्याळजी टेबलाखाली वाकला होता तो तिळाएवढ्या एका स्क्रूसाठी. स्क्रू सापडला, पण वर येताना उजव्या डोळ्यामागे अशी कळ उठली की त्याला ब्रह्मांड आठवलं. भिंग काढून त्याने आरशात पाहिलं. पापणी जांभळी पडलेली, आणि डोळा कुणी आतून ढकलल्यासारखा पुढे आलेला. डावा डोळा झाकून त्याने भिंतीवरच्या घड्याळांकडे नजर टाकली. तबकड्या दिसत होत्या, काटे दिसत नव्हते.

डावा डोळा लहानपणापासून मंद, रस्ता ओलांडण्यापुरता. चाळीस वर्षं घर चाललं ते उजव्यावर.

बायकोने मिळेल ती गाडी थांबवून त्याला आत कोंबलं. घाबरली की तिच्या तोंडाचा पट्टा जास्तच सुटायचा. “तरी सांगत होते, दुकानातला दिवा बदला! माझं ऐकलं तर कमीपणा येतो ना तुम्हाला!” पोहोचेपर्यंत तबकड्याही दिसल्या नसत्या, इतकं त्याच्या उजव्या डोळ्यापुढे अंधारून आलं होतं.

दवाखान्यातली डॉक्टरीण त्याच्या लेकीच्या वयाची. तिने टॉर्च मारला, मिटल्या पापणीवरून डोळा दाबून पाहिला आणि तिचा चेहरा बदलला.

“काका, मार लागला का कुठे?”

“नाही. नुसता वाकलो होतो.”

“डोळ्यामागे रक्त साठतंय. डोळा दगडासारखा कडक झालाय, नस चेपली जातेय. मार नसताना असं होतं ते रक्तदाब चढला, एखादी शीर कच्ची असली, नाहीतर रक्त फार पातळ झालं तर. रक्तदाब ठीक आहे तुमचा. औषधं कुठली?”

“रक्त पातळ करायची गोळी,” बायको म्हणाली. “हृदयात झडप बसवलीय ना. रोज एक. मी लेकीकडे गेले तेव्हा दहा दिवसांच्या डबीत मोजून ठेवल्या होत्या. आज सकाळी आले तेव्हा डबी रिकामी. या बाबतीत मात्र शहाणे आहेत हो.”

शहाणा माणूस घामाने निथळला. पहिल्या सहा दिवसांत मिळून त्याने एकच गोळी घेतली होती. बाकीच्या पाच विसरला. डबीत पाच गोळ्या उरलेल्या दिसल्या तर ही आपलं काय करील, या धास्तीने त्याने धंद्यातली अक्कल चालवली: घड्याळ मागे पडलं की काटा पुढे सारायचा.

“रोज एकच ना, काका?” डॉक्टरीण कात्री मागवत होती. “पापणीच्या कोपऱ्याला आत्ताच चीर द्यावी लागेल, दाब कमी व्हायला. स्कॅन नंतर. पण रक्त थांबवायचं औषध मापात द्यावं लागतं. कमी दिलं तर डोळा जाईल, जास्त दिलं तर झडपेत गुठळी होईल. तपासणीचा आकडा यायला पाऊण तास. तेवढा वेळ नाही आपल्याकडे.”

त्याने बायकोकडे पाहिलं नाही. “पाच चुकल्या होत्या. शेवटच्या चार दिवसांत भरून काढल्या. तीन दिवस दोन-दोन. काल तीन.”

डॉक्टरिणीने नर्सला औषधाचं नाव आणि माप सांगितलं. बायकोच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिच्या बोलण्याला तो जन्मभर भ्यायला होता. आज तिच्या गप्प बसण्याने त्याला कापरं भरलं.

सुई टोचली. कात्री चाललेली त्याला ऐकू आली. गालावरून गरम काहीतरी ओघळलं आणि डोळ्यामागचा ठणका थोडा सैल झाला. डॉक्टरिणीने त्याचा डावा डोळा झाकला.

“बोटं किती?”

‘दोन’ असं ठोकून द्यायचा मोह झाला. कदाचित बरोबरही आलं असतं.

“बोटं नाही दिसत,” तो म्हणाला. “उजेड दिसतोय. थोडासा.”

“उजेड आहे म्हणजे आशा आहे. पुढचं सकाळपर्यंत कळेल. तोवर दोन्ही डोळ्यांवर पट्टी राहू दे.”

त्याच्या हातावर बायकोचा हात आला. गार पडला होता.

“माझ्या बोलण्याला एवढे घाबरत होतात?”

“हो.”

खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात ती त्याच्यासमोर पहिल्यांदाच ढसाढसा रडली, आणि त्याला ते नुसतं ऐकू आलं.