आईच्या मांडीवरचा रुमाल

टेबलावर खाण्याबद्दल, वजनाबद्दल आणि कुणाच्या दिसण्याबद्दल बोलायचं नाही, असं समुपदेशक बाईंनी दारातच बजावलं. हे तीन विषय काढून घेतले तर आमच्या घरात बोलायला उरतं काय? पण प्रश्न छकुलीचा होता, म्हणून मी, तिची सख्खी मावशी, जीभ आवरून बसले.

छकुली माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती एक. चांगली कॉलेजात जाणारी पोर, पण खाणंच सोडलं होतं तिने. घास समोर आला की तिला धडकी भरायची. उपचारांसाठी हिवाळाभर ती या केंद्रात राहत होती. आजचं जेवण नीट पार पडलं, आणि घरीही तिच्यासोबत बसून जेवणारी माणसं आहेत हे बाईंना पटलं, तर शनिवार-रविवार तिला घरी सोडणार होते. बहिणीने तिची खोली कधीचीच आवरून ठेवली होती. आम्ही सगळे वेळेवर, पोटभर जेवतो, असं तिने बाईंना आत येतानाच सांगून टाकलं.

ताटात सूप, बटाटे, पाव. पोरगी गोगलगायीसारखी, पण जेवत होती. मला इतकं भरून आलं की शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे प्रताप मी तिखटमीठ लावून दोनदा सांगितले.

तेवढ्यात छकुलीने चमचा खाली ठेवला.

“आई, मांडीवरचा रुमाल उघड.”

बहीण पांढरीफटक पडली. रुमालात तिच्या वाटचा अख्खा पाव होता. बटाटे नुसते कुस्करून ताटभर पसरले होते. शेजारी बसून मला मेलीला काही दिसलं नव्हतं.

“या सगळ्या युक्त्या माझ्याच आहेत गं,” छकुली म्हणाली. “कधीपासून जेवत नाहीस?”

बहिणीचा बांध फुटला. तू गेल्यापासून घास घशाखाली उतरत नाही, म्हणाली. खरं सांगितलं तर तुला घरी पाठवणार नाहीत, म्हणून खोटं बोलले. मला तिचा राग आला, आणि तिला कुशीत घ्यावंसंही वाटलं.

बाई शांतपणे म्हणाल्या की मग या आठवड्यात घरी सोडता येणार नाही. मी भांडायच्या तयारीने उठले, पण छकुलीने माझा हात धरून मला खाली बसवलं. रुमाल उघडायला सांगतानाच तिला हे ठाऊक होतं.

मग ती आपलं ताट उचलून आईच्या शेजारी जाऊन बसली. इथल्या नर्स तिच्याजवळ बसतात, अगदी तशी, खांद्याला खांदा लावून.

“घाई नाही,” ती आईला म्हणाली. “मलाही अजून भीती वाटते. एक घास मी घेते, मग एक तू घे.”

तिने पाव तोडला, चावला, गिळला, आणि आईकडे बघत थांबली. बहिणीने डोळे पुसले आणि तोंड उघडलं.