काचेखालचा नंबर

टेम्पोतून उतरलेल्या पृथ्वीराजने फुटक्या पॅनेलची पाठ बघितली आणि हात झटकले. सांगलीच्या सोलर कंपनीचा तो साहेब. वडूजच्या माळावर एवढ्या लांब येऊन पॅनेलं न्यायला त्याला फक्त पाठीवरचा नंबर हवा होता, आणि नंबराची चिठ्ठी कोरी होती. चारही पॅनेलांची.

"दर दसऱ्याला हळदकुंकू लावती मी त्येला," पॅनेलांच्या मालकीण हरणाबाईंनी सरळ सांगून टाकलं. "मग चिंचंनं घासून काढायचं. लक्ष्मीच की ती, मळकी कशी ठिवायची?"

नानासो मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. बारा वर्षांपूर्वी बाईंच्या पंपाला ही पॅनेलं त्यांनीच बसवली होती. काय काय करू नका ते सगळं सांगितलं होतं, चिंचेचं तेवढं राहिलं होतं.

वैशाखातल्या गारांनी काचा फुटल्या, तेव्हा भंगारवाला लगेच आला होता. तो चौकटी काढून नेणार आणि काच ओढ्यात टाकणार, हे ठाऊक असल्याने नानासोंनी त्याला परत पाठवायला लावलं. ज्याने बनवलं त्यानेच न्यायचं असा आता नियम आहे, कंपनी येणार, माझा शब्द, असं ते म्हणाले होते. त्या शब्दापायी दोन महिने काचेचा चुरा मेंढरांच्या वाड्याशेजारी पडून होता आणि दोन मेंढ्या लंगडत होत्या. टेम्पो रिकामा गेला असता तरी बाई काही बोलल्या नसत्या. नानासोंना तेच जास्त लागलं असतं.

पृथ्वीराजचंही चूक नव्हतं. नंबराशिवाय माल आपला कशावरून, असं वरचे विचारतील, म्हणाला.

नानासोंनी पॅनेल उताणं केलं आणि तडकलेल्या काचेच्या कडेवर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी भेगांत मुरलं तशी पांढरी पडलेली काच जरा निवळली. आत, चौकटीला चिकटून, बारीक आकडे दिसू लागले.

"हितं बी असतोय नंबर, साहेब," ते म्हणाले. "हितं चिंच पोचत न्हाई."

पृथ्वीराज गुडघ्यावर बसला. चार तांबे पाणी, चार नंबर. मोबाईलवरच्या यादीत चारही सापडले, तसा तोही हसला आणि पॅनेलं चढवायला स्वतः हात लावू लागला. चुराही पोत्यात भरून गेला.

हरणाबाई चहा घेऊन आल्या. साहेबाने हात पुढे केला होता, पण बाईंनी कप नानासोंच्या पुढे धरला.

"मिस्त्री, तुमी आदी."

चहा कढत होता, तरी नानासोंनी कप खाली ठेवला नाही.