चुकीच्या मापाच्या खुर्च्या

खुर्च्यांच्या कारखान्यात बसायला खुर्ची नव्हती. म्हणजे खुर्च्या होत्या, चिक्कार होत्या, पार छतापर्यंत एकावर एक चढवलेल्या. पण त्या विकायच्या. कुणी जरा टेकलं की मालक लांबूनच ओरडायचे, "गिऱ्हाइकाच्या आधी तूच बसणार का?" त्यामुळे सकाळी आठ ते संध्याकाळी पाच सगळे पायांवर, आणि जेवायला फरशीवर.

दुर्बीण तिथे तपासणीला होती. खरं नाव वेगळं, पण ते फक्त हजेरीपुरतं. तयार खुर्ची समोर आली की ती हलवून बघायची, हात फिरवायची, टेप लावायची, आणि केसाएवढी चूक दिसली तरी लाल खडूने फुली. फुली पडली की खुर्ची मोडून जळणात. कुणाचं ऐकायची नाही, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. "हिला बघायला आलेल्या स्थळालाही ही टेप लावत असणार," असं पॅकिंगवाला लंबू म्हणायचा. अर्थात ती ऐकू येणार नाही इतकी लांब असताना.

दोन वर्षं झाली तरी ती कायम झाली नव्हती. दर सहा महिन्यांनी नवा कागद, नवी सही. राहायची बहिणीकडे, म्हणजे बहिणीच्या स्वयंपाकघरात. भावजी पाणी प्यायला उठले की हिला पाय आखडून घ्यावे लागायचे. दोन गल्ल्या सोडून एक खोली बघून ठेवली होती, पण घरमालकाला कायम नोकरीचं पत्र हवं होतं. शेवटी तिने मालकांना गाठलंच. ते म्हणाले, "या महिन्यात बाद खुर्च्या पाचाच्या आत ठेव. पत्र देतो." बाद व्हायच्या महिन्याला फार तर दोन. पत्र हातात पडल्यातच जमा होतं.

त्याच महिन्यात मालकांची मुलगी शिकून परत आली. तिला सगळे छोट्या बाई म्हणायचे. तिने पहिल्या दिवशीच भिंतीवर एक मोठा त्रिकोण चिकटवला. त्याला पाच पायऱ्या.

"हे एका मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं आहे," ती सगळ्यांना गोळा करून म्हणाली. "माणसाच्या गरजा अशा चढत जातात. सगळ्यात खाली अन्न, पाणी, आराम. त्यावर सुरक्षितता. मग आपली माणसं. मग मान. आणि टोकाला, आपल्यात जे आहे ते पुरं बाहेर काढणं. खालची पायरी रिकामी असेल तर वरची सुचतच नाही. म्हणून नुसतं 'मन लावून काम करा' म्हणून काही होत नसतं."

"मधल्या सुट्टीत शिकवणी," लंबू पुटपुटला.

"ताई, तुम्ही कुठल्या पायरीवर?" तिने दुर्बिणीलाच विचारलं.

"दुसऱ्या. तुमच्या वडिलांनीच बसवलंय."

सगळे खो खो हसले. मालकांची मुलगी लाल झाली, पण चिडली नाही. वहीत लिहून घेतलं तिने. ते बघून दुर्बिणीला वाटलं, पोरगी बरी दिसतेय.

मग ती खालच्या पायरीच्या मागे लागली. पिण्याच्या पाण्याचा नळ दुरुस्त केला. खिडकीतला बंद पंखा काढून नवा बसवला. आणि वडिलांशी चांगली दोन दिवस भांडली, माणसांना बसायला द्या म्हणून. मालक काही चांगल्या खुर्च्या देईनात. शेवटी एवढ्यावर तोडगा निघाला की बाद खुर्ची मोडायची नाही, माणसांना बसायला द्यायची.

आणि बाद खुर्च्या वाढायला लागल्या.

पहिल्या आठवड्यात तीन. पॉलिशवाल्या मावशीला एक मिळाली, पाय आखूड पडलेली. लंबूला एक, पाय लांब झालेली. दुसऱ्या आठवड्यात आणखी तीन. तिसऱ्यात नववी खुर्ची आली तेव्हा दुर्बिणीच्या डोक्यात तिडीक गेली. पाचाची मर्यादा कधीच मागे पडली होती. खोली गेली, पत्र गेलं, परत भावजींसाठी पाय आखडणं आलं.

नऊच्या नऊ म्हाताऱ्या सुतारमिस्त्रींच्या हातच्या होत्या. तीस वर्षं झाली होती त्यांना तिथे. त्यांच्या खुर्चीला तिने आजवर एक फुली मारली नव्हती.

मालकांनाही ते कळलं. ते तपासणीच्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हाताऱ्याचा हात थरथरायला लागलाय, असं लिहून दे. मी त्याला घरी बसवतो. मग यात तुझा काय दोष? शनिवारी पत्र घेऊन जा."

जेवणाच्या सुट्टीत दुर्बीण टेप घेऊन बाद खुर्च्यांच्या मागे लागली.

मावशीची खुर्ची आधी पालथी केली. चारही पाय दोन इंच आखूड. चारही! एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. बैठकीची पुढची कड गोल घासलेली, म्हणजे मांडीखाली रुतू नये. लंबूच्या खुर्चीचे पाय तीन इंच लांब, पाठही तेवढीच वर. गाद्या शिवणाऱ्या बाईच्या खुर्चीला डावा हात नव्हता, पण जिथे तो नव्हता तिथे लाकूड आरशासारखं घासलं होतं. ती डावखुरी. हात असता तर कोपर आपटलं असतं.

दुर्बीण तिथेच फरशीवर बसली. आयुष्यभर चुका बघितल्या होत्या तिने. चूक वेडीवाकडी असते, एका बाजूला झुकते, घाईने पळते. चूक चारही पायांना सारखी होत नाही. तिच्या टेबलावरून हजारो खुर्च्या गेल्या होत्या, पण इतकं नेटकं काम तिने कधी बघितलं नव्हतं. आणि तिने त्यावर फुल्या मारल्या होत्या, कारण कागदावरचं माप वेगळं होतं.

ती तरातरा मिस्त्रींकडे गेली. ते उभ्याने भाकरी खात होते.

"मिस्त्री, मला मूर्ख समजता?"

"नाही बाई. समजलंच की तुला."

"मुद्दाम केलंत!"

"मुद्दामच करावं लागतं. चुकून असं जमतं का?"

"माझी नोकरी कायम व्हायची होती! एका शब्दाने सांगायचं तरी."

हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा घास तोंडातच राहिला. मग त्यांनी डबा बंद केला.

"तीस वर्षं एका मापाच्या खुर्च्या केल्या," ते म्हणाले. "सतरा इंच उंच, सोळा इंच रुंद. बसणारा कोण, कसा, कधी दिसला नाही. ही पहिल्यांदा ओळखीची ढुंगणं मिळाली. राहवलं नाही गं."

दुर्बिणीला हसू आलं आणि त्याचाच राग आला.

"मालक म्हणतात, तुमचा हात थरथरतो असं लिही."

"मग लिही की," मिस्त्री सहज म्हणाले. "माझं काय, झालं माझं. पोराकडे जाईन. तुझं पत्र तर होईल."

"या हाताला थरथरतो म्हणून लिहू?" ती इतक्या जोरात ओरडली की मावशी जेवता जेवता वळून बघायला लागली. "मी तपासणीवाली आहे! आहे ते लिहिते!"

आणि ओरडता ओरडता तिचं लक्ष गेलं. नऊ खुर्च्या केल्या या माणसाने. स्वतः अजून उभाच होता.

ती छोट्या बाईला हाताला धरून त्रिकोणासमोर घेऊन आली. "तुम्ही म्हणालात खालची पायरी रिकामी असली की वरची सुचत नाही. या माणसाला बसायला जागा नाही. नोकरी जाईल याची फिकीर नाही. आणि हा बघा कुठे जाऊन बसलाय!" तिने टोकावर बोट आपटलं.

छोट्या बाईने नऊ खुर्च्या एकेक करून बघितल्या. डावा हात नसलेली खुर्ची बघताना बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "हे मला पुस्तकात दिसलं नव्हतं. काही माणसं मधूनच चढतात." आणि त्रिकोणाकडे बघत, "पण म्हणून त्यांना उभंच ठेवायचं असं नाही ना?"

"तेच तर म्हणतेय!"

शनिवारी दुर्बिणीने कागद मालकांसमोर ठेवला. बाद खुर्च्या नऊ. चूक एकही नाही. खाली लिहिलं होतं, मिस्त्रींचा हात पूर्वीपेक्षा चांगला.

मालकांनी वाचलं. "म्हणजे माझं लाकूड माझ्या डोळ्यांदेखत वापरलं?"

"हो," दुर्बीण म्हणाली. "आणि मला उशिरा कळलं, ही माझी चूक. ती पण लिहा."

"पत्र मिळणार नाही हे कळतंय ना?"

"कळतंय."

मालक उठून कारखान्यात गेले. मावशीच्या खुर्चीजवळ उभे राहिले, एकदा हलवून बघितली. ती कुरकुरली नाही. धंदा त्यांनाही कळत होता. लाकूड कसं बोलतं, हे ते बापाकडूनच शिकलेले. बराच वेळ कानशिलं खाजवून ते म्हणाले, "चोरून नाही करायचं. ज्याला खुर्ची हवी त्याने सांगायचं, लाकूड लिहून घ्यायचं, महिन्याला दोन करायच्या. मिस्त्री, तुम्ही करायच्या. कामाच्या वेळेत." मग दुर्बिणीकडे वळले. "तुझं सहा महिन्यांनी बघू. बोलणं कमी कर."

म्हणजे आणखी सहा महिने स्वयंपाकघर. पण शरम काही वाटेना, उलट आतून काहीतरी ताठ उभं राहिल्यासारखं वाटलं. ते कुठल्या पायरीवर येतं, तिने विचारलं नाही.

मालक गेल्यावर मिस्त्रींनी पेन्सिल कानावरून काढली. "बोला, पहिली कुणाची?"

"तुमची," दुर्बीण म्हणाली.

"छे! मला सवय आहे उभं राहायची."

"सवय गेली खड्ड्यात. लंबू, पाटी धर. मावशी, टेपचं टोक धरा त्यांच्या टाचेला." तिने दुसरं टोक त्यांच्या गुडघ्यामागे लावलं. म्हातारा गुदगुल्या झाल्यासारखा वळवळला, लाजून लालबुंद झाला, आणि सगळा कारखाना माप बघायला भोवती गोळा झाला.

"हलू नका हो, मिस्त्री! साडेसोळा. लिही रे, साडेसोळा."