डोकड्यातलं गाणं

किसनराव मुकादम हसला की आवारातल्या बायकांचे हात आपोआप भराभर चालायला लागत. मुकादम रागावला म्हणून माणसं घाबरली, असं कुठंही पाहायला मिळेल. अकोल्याच्या त्या कापसाच्या आवारात मात्र धास्ती होती ती हसण्याची. सुभद्रा तर ते हसू ऐकलं की हातातलं काम सोडून पाणी प्यायलाही उठत नसे.

तेव्हा कापसाचे दिवस असे काही आले होते की विचारू नका. परमुलखात कुठंतरी लढाई जुंपलेली, आणि विलायतेच्या गिरण्यांना इथला कापूस हवा झालेला. हिवरखेड काय, तेल्हारा काय, जो तो कापूस लावत सुटला. मेथी-वांग्याचे वाफे मोडले, ज्वारी कमी पेरली, आणि मग ज्वारी अशी महागली की पांढऱ्या सोन्याच्या मुलखात गरिबाची चूल थंड पडायला लागली. सुभद्रा त्यातलीच. घरी म्हातारी सासू आणि खोकणारी लेक. आवारातून हाकललं तर तिघींनी खायचं काय, कापूस?

बायका ओळीनं बसून हातानं फिरवायच्या चरकीवर कापसातली सरकी काढत. निघालेली रुई डोकड्यात भरायची. डोकडा म्हणजे उंच लाकडी चौकटीला टांगलेला, उभा माणूस बुडेल एवढा गोणपाटाचा थैला. एकानं आत उतरायचं, शेजारच्या माचावरून त्याच्या अंगावर टोपलीनं रुई टाकायची, आणि ती पायांनी तुडवत तुडवत त्यानं वर यायचं. आतला माणूस उडत्या रुईत दिसत नसे, म्हणून जुनी रीत होती की त्यानं गात राहायचं. तो खालून म्हणायचा, "वरच्या बाई, रुई टाक वं." चरकीवरच्या बायका उत्तर द्यायच्या, "खालच्या भाऊ, पाय टाक रे." खालचा गप्प झाला की टोपली थांबलीच पाहिजे. रुई नाकातोंडात गेल्यावर माणसाला ओरडताही येत नाही, म्हणून ही रीत कुणी मोडत नसे.

त्या वर्षी तुडवायला शालिकराम होता. हिवरखेडचा माळी, अंगानं काटकुळा. बोलताना अडखळायचा, एकेका शब्दापाशी मान ताणायचा, आणि स्वतःचं नाव सांगताना तर बिचाऱ्याचे डोळे भरून यायचे. गाणं मात्र त्याच्या गळ्यातून सरळ वाहायचं, कुठं अडणं नाही की खडा नाही. सुभद्रेला ते फार आवडायचं. त्याचं गाणं चाललं की तिची चरकी हलकी व्हायची.

शालिकराम बोलताना अडतो, गाताना अडत नाही, हे किसनरावाच्या ध्यानात आलं आणि त्याला खेळ सापडला.

"आजपासून गानं बंद," तो माचावर चढून म्हणाला. "मी वरून नाव इचारीन, तू खालून नाव सांगायचं. सांगतलं की टोपली थांबन."

पहिल्या दिवशी त्यानं एक टोपली उपडी केली. "नाव काय रे तुवं?" खालून नुसतं "श... श..." आलं. त्यानं दुसरी टोपली ओतली. गेटापाशी गाड्या घेऊन उभे असलेले गाडीवान पोट धरून हसले. बायकांतही कुणी कुणी हसलं. सुभद्रा हसली नाही, पण तिनं मान वर करूनही पाहिलं नाही. मेलं, मान खाली घालायला काय लागतं?

मग तो खेळ रोजचाच झाला. टोपल्या मोठ्या होत गेल्या. शालिकराम बाहेर यायचा तेव्हा भुवया, पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि खोकून खोकून तो दुमडून जायचा. गाणं गेल्यापासून आवारात चरक्यांची कुरकुर तेवढी उरली होती. सुभद्रेला ती ऐकवेना. काहीतरी वाईट होणार आहे, हे तिला अंगणात साप शिरल्यासारखं कळत होतं.

"जाय ना घरी, भाऊ," दुपारी भाकर खाताना ती त्याला म्हणाली. "काहून मराले बसला येथी?"

"क... कुठं जाऊ, बाई," तो म्हणाला. "व... वाफेच नाई राह्यले."

शेजारच्या चरकीवरची म्हातारी गंगूबाई सुभद्रेला दटावायची. "तोंड शिवून बस वं. आज त्याच्यावर नजर हाय, उद्या तुयावर येईन. तुयी लेक कोन पोसन मंग?"

म्हातारीचं काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच सुभद्रेला तिचा राग यायचा.

त्या दिवशी किसनराव सकाळपासूनच हसत होता. डोकडा अर्धा भरला तेव्हा त्यानं माचावर रुईचा ढीग लावून घेतला, पुरा ढीग, आणि तो दोन्ही हातांनी आत लोटला.

"नाव सांग."

खालून काहीच आलं नाही. गोणपाट आतून एकदा हललं, पुन्हा हललं. गाडीवान हसायचे थांबले. किसनरावानं आणखी रुई लोटली.

"ऐकू नाई आलं, लेका."

गोणपाट हलायचं थांबलं.

सुभद्रेचा हात चरकीवरून सुटला. ती उठली कधी, तिलाही कळलं नाही. "शालिकराम नाव हाय त्याचं," ती म्हणाली. "म्या सांगतलं. आता थांबवा."

"तुले कोनं इचारलं?" किसनराव हसतच म्हणाला. "बस खाली. नाईतर उद्या येऊ नको."

लेक डोळ्यांपुढं आली, नाही असं नाही. पण तिनं सुतळी कापायचा विळा उचलला आणि डोकड्याच्या कुशीत घातला. गोणपाट चरचर फाटलं. रुई भसाभसा बाहेर आली आणि तिच्यात एक हात दिसला. तो धरून तिनं ओढला, गंगूबाईनं दुसरा ओढला. शालिकराम निळा पडला होता. सुभद्रेनं बोट घालून त्याच्या तोंडातला रुईचा बोळा काढला आणि पाठीत गुद्दे घातले. बऱ्याच वेळानं त्यानं श्वास घेतला. ती मोठ्यानं रडली.

चरक्या थांबल्या म्हणून आवाराचे मालक शेठजी ओट्यावरून उठून आले.

"गंमत केली जी," किसनराव म्हणाला. "ही बाई माजली. डोकडा फाडला तिनं."

शेठजींनी फाटकं गोणपाट पाहिलं, गेटापाशी जुंपून उभ्या गाड्या पाहिल्या. शालिकरामाकडं त्यांनी पाहिलं नाही. "नवा डोकडा टांगा," ते म्हणाले. "कोणीही तुडवा. मला गाड्या भरून पाहिजेत."

"किसनराव उतरतीन," सुभद्रा डोळे पुसत म्हणाली. "गंमतच हाय ना, मंग त्यायनंच उतरावं. तवर चरकी फिरनार नाई."

किसनराव हसला. पण या खेपेला एकही हात चालला नाही. गंगूबाईनं तर चरकीचा दांडा सोडून हात मांडीवर ठेवले. शेठजी म्हणाले, "उतर की रे, गंमत आहे तर." मग त्याला उतरावंच लागलं.

तो डोकड्यात दिसेनासा झाला. शालिकराम भिंतीला धरून उठला, माचावर चढला आणि त्यानं सगळ्यांत मोठी टोपली उचलली. टोपली डोकड्याच्या तोंडावर तशीच राहिली. त्याचे डोळे असे झाले होते की सुभद्रेला ते ओळखू येईनात. खालून किसनरावाचा बारीक आवाज आला, "शालिकराम? अरे, शालिकराम?" त्या आवारात त्यानं त्याला नावानं हाक मारली ती तेव्हाच पहिल्यांदा.

सुभद्रा माचापाशी गेली. आता यालाही अडवावं लागलं तर अडवायचं, असं तिनं ठरवलं, आणि विळा उचलण्यापेक्षा ते जड होतं. "भाऊ," ती एवढंच म्हणाली.

शालिकरामानं टोपलीतून मूठभर रुई घेतली आणि खाली सोडली.

"ग... ग..." त्याची मान ताणली. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी त्याचा शब्द पुरा व्हायची वाट पाहिली. "गा, किसनराव."

मग डोकड्यातून घाबरलेला, बेसूर आवाज आला, "वरच्या बाई, रुई टाक वं."

सुभद्रा आपल्या चरकीपाशी जाऊन बसली आणि सगळ्यांच्या आधी तिनं उत्तर दिलं, "खालच्या भाऊ, पाय टाक रे."