एर्मेकला आईचं तोंड बघायचं होतं

माझी बायको तुर्सुन मंगळवारी सकाळी गेली. आमच्याकडे माणूस गेलं की अंगणात नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तंबू उभारतात आणि दफन होईपर्यंत त्याला तिथं ठेवतात. बाई असेल तर आत शिरताना उजव्या हाताला, पडद्यामागे. पडद्याच्या अलीकडे घरच्या बाया तंबूच्या भिंतीकडे तोंड करून बसतात आणि गेलेल्या माणसाचं नाव घेत शोक गातात. पुरुष बाहेर काठीवर भार टाकून मोठ्याने रडतात.

मी बाहेर उभा होतो. माझा मुलगा एर्मेक मात्र तबेल्यात जाऊन बसला होता. येणारे जाणारे ते बघत होते.

एर्मेक सव्वीस वर्षांचा आहे, घोडे राखतो. चौदाव्या वर्षापासून त्याला बायकांची भीती वाटते. कशाने, ते कळलं नाही. दुकानात बाई बसलेली दिसली की मीठ न घेताच परत येतो. घाम फुटतो. एक आई तेवढी त्याला चालायची. गावात म्हणत, याला बायकांचा तिटकारा आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याला काराकोल शहरात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागदावर लिहून दिलं, गायनोफोबिया. मी अर्थ विचारला. ते म्हणाले, बायकांची भीती, एवढाच अर्थ. दोन जुने ग्रीक शब्द जोडलेत, एक बाईसाठी आणि एक भीतीसाठी. द्वेषाला वेगळा शब्द आहे. पण लोक, शिकलेलेसुद्धा, दोन्ही एकच समजून वापरतात, आणि भिणाऱ्यालाच बोलणी खावी लागतात. त्याच्यावर जबरदस्ती करू नका, असंही त्यांनी सांगितलं. गावात कळलं तर मुलाला वेडा ठरवतील म्हणून तुर्सुनने तो कागद पेटीत ठेवला. मीही कुणाला बोललो नाही. चूकच झाली.

बुधवारी दुपारी मी तबेल्यात गेलो. एर्मेक घोडीच्या पायाशी बसला होता.

"बाबा, उद्या सकाळी तिला आंघोळ घालतील," तो म्हणाला. "कफन बांधलं की संपलं. मला एकदा तिचं तोंड बघायचंय. पण त्या सगळ्या आत आहेत."

मी सायराकान वहिनींकडे गेलो. त्या माझ्या थोरल्या भावाच्या बायको, तंबूतलं सगळं त्यांच्या हुकमाने चालत होतं. दहा मिनिटं सगळ्यांना बाहेर काढा, अशी विनवणी केली. त्यांनी साफ नाही म्हटलं. मयताला एकटं ठेवत नाहीत, हे मलाही माहीत होतं.

"आणि आम्ही काय चावतो त्याला?" त्या म्हणाल्या. "दोन दिवस आमचा घसा बसलाय त्याच्या आईसाठी, आणि हा घोडीपाशी. एवढा कसला राग आमचा?"

मग मी पेटीतून कागद आणला. वहिनींनी तो लांब धरून एकेक अक्षर लावत वाचला. मी डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. राग नाही, भीती आहे, असं दोनदा सांगितलं.

"म्हणजे माझी बहीण कुत्र्याला भिते तसं?"

"तसंच."

"तिला कोणी म्हणत नाही की तिला कुत्र्यांचा तिटकारा आहे." त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "हे दोन वर्षं दडवून काय मिळवलंत भावोजी? मी त्याला तोंडावर दगडाच्या काळजाचा म्हटलंय." मग विचारलं, "कशाने जास्त भितो?"

मी म्हटलं, बायांनी त्याच्याकडे बघितलं की. तोंडं वळली की.

"आमची तोंडं भिंतीकडेच असतात. कोणी आलं की वळून बघतो, तेवढं बघायचं नाही. जा, घेऊन या त्याला."

मी एर्मेकला दारापर्यंत आणलं. आत नऊ पाठी होत्या, नऊ पांढरे रुमाल. शोक हळू आवाजात चालू होता. तो दोन पावलं आत गेला आणि उलटा फिरला. बाहेर येऊन ओकला. मी त्याला धरलं नाही. आतला सूर तसाच चालू राहिला. मग तो आपणहून पुन्हा गेला, डोळे जमिनीला लावून, आणि पडद्यामागे शिरला.

बराच वेळ गेला. पडद्यामागून काही ऐकू आलं नाही. मग एर्मेकचा आवाज आला, फाटलेला, आईला हाका मारणारा. दोन दिवसांत पहिल्यांदा. बायांनी आपला आवाज आणखी खाली आणला, त्याचा वर राहावा म्हणून. त्यांच्यातच बसलेली माझी मेहुणी गुडघेदुखीने जेरीस आली होती, तरी तिने पाय बदलला नाही.

तो बाहेर आला तेव्हा अंगातला सदरा पिळून काढावा इतका ओला होता.

"त्यांनी बघितलं?" त्याने विचारलं.

"नाही."

"एकीनेही नाही?"

"एकीनेही नाही."

वाटेने शेजारच्या गावच्या बाया येत होत्या. मला वाटलं, आता तो तबेल्याकडे जाईल. त्याने भिंतीला टेकवलेली काठी उचलली आणि माझ्या पलीकडे येऊन उभा राहिला, म्हणजे वाट आणि तो यांच्यामध्ये मी आलो. डोळे घट्ट मिटले आणि रडू लागला. मीही रडू लागलो.